कुत्र्यासाठी पाकिटातलं खाणं आणि सप्लिमेंट: पोत्याची मागची बाजू वाचून निवड कशी करायची

सांगली-मिरजेतल्या कुठल्याही पेट शॉपमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सगळ्यात चांगलं फूड कुठलं?" दुकानदार एखाद्या ब्रँडचं नाव सांगतो, गिऱ्हाईक पोतं उचलतं. जाताजाता काउंटरवरची कॅल्शियमची बाटली आणि केस चमकवणारं सिरपही पिशवीत पडतं. पोत्याच्या मागं काय छापलंय ते कुणी वाचत नाही.

माझं सांगणं असं की ब्रँडचा विचार नंतर करा. आधी कुत्रं बघा, मग पोत्याची मागची बाजू, मग रोजचा हिशोब. सप्लिमेंट सगळ्यात शेवटी, आणि तेही कशासाठी देतोय हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच. खाली त्याच क्रमानं जाऊ.

आधी कुत्र्यावर हात फिरवा

वजन करा. लहान कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मोठ्याला दवाखान्यातल्या काट्यावर न्या. नंतर दोन्ही हातांनी बरगड्या चाचपा. ही परीक्षा फार सोपी आणि भरवशाची आहे. आपल्या हाताची मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रं हडकलंय. हात सरळ पसरून मागच्या बाजूनं तीच हाडं चाचपली की जसं लागतं, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य. तळहाताच्या बाजूसारखं मऊ लागून हाडच सापडत नसेल तर कुत्रं जाड झालंय. पशुवैद्य यासाठी १ ते ९ गुणांचं मोजमाप वापरतात. त्यात ४ आणि ५ हे उत्तम.

जत, कवठेमहांकाळ भागात कारवान पाळणाऱ्यांनी मात्र ही फूटपट्टी जरा वेगळी धरावी. कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं नुसत्या डोळ्यांना दिसणं हा त्या जातीचा बांधाच आहे. ते बघून पाहुणे "उपाशी ठेवलंय" म्हणतात आणि मालक खाणं वाढवतो, तसं करू नका. उलट शहरातल्या लॅबला (लॅब्रडॉरला) सगळे "गुबगुबीत" म्हणून लाडावतात आणि त्याचे सांधे अकाली दुखायला लागतात.

वय, नसबंदी झालीय का, दिवसभर अपार्टमेंटमध्ये झोपतं की मळ्यात राखणीला असतं, आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा त्वचेचा काही आजार आहे का, हे कागदावर लिहून घ्या. आजार असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांनी सांगितलेलंच खाणं घाला. मूत्रपिंडाच्या रुग्णाला फॉस्फरस कमी लागतो, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्याला चरबी कमी लागते, आणि दुकानातलं भारीतलं पोतं अशांना अपायच करू शकतं.

पोत्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ

पोतं उलटं करा आणि बारीक अक्षरांत 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट फूड' असं कुठं लिहिलंय ते शोधा. याचा अर्थ, फक्त हेच खाणं घातलं तरी कुत्र्याला लागणारी सगळी पोषणद्रव्यं मिळतील असा कंपनीचा दावा आहे. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट', 'टॉपर' असे शब्द असतील तर ते पोटभरीचं खाणं नव्हे. ग्रेव्हीची काही पाऊचं आणि बहुतेक चघळायच्या काड्या या दुसऱ्या वर्गात मोडतात. महिनोन्‌महिने तेवढ्यावरच ठेवलेल्या कुत्र्याला काही ना काही कमी पडणारच.

त्याच ओळीत कुठल्या वयासाठी हेही असतं: वाढीचं वय, प्रौढ, की सर्व वयांसाठी. आणि बहुतेक वेळा एएएफसीओ किंवा फेडियाफ यांचं नाव असतं. एएएफसीओ ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, फेडियाफ हा युरोपातल्या उत्पादकांचा महासंघ. दोघंही पोषणाचे आकडे ठरवून देतात. एएएफसीओ कुठल्याही खाद्याला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळं 'एएएफसीओ अप्रूव्ह्ड' असा शिक्का दिसला तर तो दावाच चुकीचा आहे. 'एएएफसीओच्या पोषणमानकांनुसार बनवलेलं' हे वाक्य बरोबर.

प्रथिनांचा आकडा जसाच्या तसा धरू नका

पोत्यावर 'क्रूड प्रोटीन २० टक्के' आणि पाऊचवर '८ टक्के' बघून पाऊच कमी प्रतीचं वाटतं. फरक पाण्याचा असतो. कोरड्या दाण्यांत साधारण १० टक्के पाणी असतं, पाऊचमध्ये ८० टक्के. तुलना करायची तर पाणी काढून टाकायचं: १०० मधून पाण्याचा टक्का वजा करा, आलेल्या आकड्यानं प्रथिनांना भागा आणि १०० नं गुणा. दाण्यांचं उत्तर येतं २२ टक्के, पाऊचचं ४०. चरबीचंही असंच करायचं.

एएएफसीओची किमान मर्यादा, पाणी वजा करून, प्रौढ कुत्र्यासाठी १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी. वाढत्या पिल्लांसाठी २२.५ आणि ८.५. ही तळरेषा आहे. धडधाकट प्रौढ कुत्र्यासाठी मी याहून बरंच वर, पाणी वजा करून २५ टक्क्यांच्या पुढं प्रथिनं असलेलं खाणं निवडेन.

पिष्टमय पदार्थांचा आकडा बहुतेक पोत्यांवर नसतो, तो काढता येतो. प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) यांची बेरीज १०० मधून वजा करायची. राख लिहिलेली नसेल तर ८ धरा. समजा प्रथिनं २४, चरबी १२, तंतू ४, पाणी १०, राख ८. बेरीज ५८, म्हणजे पिष्ट ४२.

कॅलरीही छापल्या नसतील तर याच आकड्यांवरून काढा. प्रथिनं आणि पिष्ट यांना प्रत्येकी ३.५ नं गुणायचं, चरबीला ८.५ नं. वरच्या उदाहरणात ८४ अधिक १४७ अधिक १०२, म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी. हा आकडा पोत्यावरच पेनानं लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पण वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये दोनतृतीयांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून ते यादीत वर दिसतं. 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढलेली भुकटी, ती खाली असली तरी प्रत्यक्षात जास्त प्रथिनं देऊ शकते. मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, तांदळाची कणी असे तुकडे वेगवेगळे लिहिलेले असतील तर मनात त्यांची बेरीज करा. सगळे मिळून चिकनच्या वर जातात की नाही ते कळेल. यादीवर मात्र फार काळ घालवू नका. सुंदर यादीचं खाणं असंतुलित असू शकतं आणि साध्या यादीचं उत्तम.

'ग्रेन फ्री', म्हणजे धान्याऐवजी बहुतेकदा डाळी घातलेल्या खाण्याबद्दल एवढंच सांगतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं जुलै २०१८ मध्ये वाटाणे, मसूर अशा डाळी भरपूर असलेलं खाणं आणि कुत्र्यांच्या हृदयाचा एक आजार यांच्या संभाव्य संबंधाबद्दल इशारा दिला होता. संबंध सिद्ध झालेला नाही, पण धान्य टाळण्याला निरोगी कुत्र्यासाठी काही आधारही नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही नावं वारंवार येतात, म्हणजे दोष फक्त धान्याचा नसतो. खाजेचं कारण खाण्यात आहे का हे बघायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान आठ आठवडे एकाच ठरावीक, आधी न खाल्लेल्या प्रथिनावर ठेवावं लागतं. त्या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही.

किती घालायचं: मोबाइलवर दोन मिनिटांचा हिशोब

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. वजन किलोत घ्या, त्याला त्यानंच दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० नं गुणा. ही झाली विश्रांतीत लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ नं गुणायचं, न झालेल्याला १.८ नं. वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून १ च्या आसपास. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ३, त्यानंतर वाढ पुरी होईपर्यंत २.

१८ किलोचं गावठी कुत्रं घेऊ. १८ गुणिले १८ गुणिले १८ म्हणजे ५,८३२. दोनदा वर्गमूळ काढलं की ८.७४. गुणिले ७०, झाले ६१२. गुणिले १.६, म्हणजे दिवसाला साधारण ९८० कॅलरी. वरचं ३३३ कॅलरीचं खाणं असेल तर २९५ ग्रॅम, दोन वेळांत वाटून. ही सुरुवात समजा. दर दोन आठवड्यांनी बरगड्या चाचपून दहा टक्क्यांनी वर-खाली करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा ग्रॅम मोजा आणि तेवढंच मावणारी वाटी ठरवून टाका. नुसत्या अंदाजानं भरलेली वाटी रोज वाढतच जाते.

आता भाकरीचं बघू, कारण आपल्याकडं दाण्यांबरोबर भाकरी असतेच. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण १७० कॅलरी असतात. बाहेरचं, म्हणजे संतुलित खाण्याशिवायचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसावं असा नियम आहे. आपल्या १८ किलोच्या कुत्र्याला ते होतात ९८. म्हणजे अर्धी भाकरी झाली की त्या दिवसाचा कोटा संपला, बिस्किटाला जागाच उरत नाही. दोन भाकऱ्या घातल्या तर दिवसाचं एकतृतीयांश पोट असंतुलित खाण्यानं भरलं आणि महागाच्या पोत्यातली जीवनसत्त्वं, खनिजं तेवढ्या प्रमाणात पातळ झाली. भाकरी वाईट नाही. पण अर्धं भाकरी-दूध आणि अर्धं पोत्यातलं ही जोडी संतुलित नसते. दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं अंडं किंवा चमचाभर दही कोट्यात बसत असेल तर जरूर द्या.

आणि दाण्यांवर मटणाचा रस्सा ओतू नका, कुत्रं कितीही आशेनं बघत असलं तरी. त्यात कांदा-लसूण असतो. त्यानं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, तीही नकोत.

किलोचा भाव नाही, दिवसाचा भाव

समजा एक पोतं २५० रुपये किलो आणि १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी, दुसरं ३५० रुपये किलो आणि ४०० कॅलरी. पहिल्याचे रोज २९५ ग्रॅम लागतात, खर्च ७४ रुपये. दुसऱ्याचे २४५ ग्रॅम, ८६ रुपये. किलोमागं शंभर रुपयांचा दिसणारा फरक रोजच्या बारा रुपयांवर येतो. बजेट ओढाताणीचं असेल तर साधं पण 'कम्प्लीट' असलेलं पोतं मोजून घाला आणि सप्लिमेंटचे पैसे वाचवा. हा सौदा बहुतेक घरांना फायद्याचा पडतो.

सुट्टं घेऊ नका

उघड्या पोत्यातून किलो-दोन किलो तोलून देणारी दुकानं सगळीकडं आहेत. स्वस्त पडतं, पण त्या पिशवीवर बॅच नंबर नसतो, मुदत नसते आणि पोतं कधी फोडलं ते कळत नाही. दाण्यांवर फवारलेली चरबी हवेनं आणि उन्हानं खवट होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. पावसाळ्यात दमटपणानं बुरशी धरते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये अशा दूषित खाण्यामुळं मोठ्या प्रमाणावर माल परत मागवावा लागला. एफडीएकडं ११० हून अधिक कुत्री दगावल्याच्या नोंदी आल्या. बॅच नंबर छापलेला होता म्हणून तरी लोकांना आपलं पोतं त्यातलं आहे का ते तपासता आलं.

महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पोतं घ्या. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा पोत्यासकट डब्यात ठेवा, तोंड गुंडाळून. डबा जमिनीपासून वर ठेवा. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: पुराचं किंवा गळतीचं पाणी लागलेलं पोतं वाळवून परत वापरू नका, फेकून द्या.

नवीन खाणं एका दिवसात बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग अर्धं, मग पाऊण, असं आठवडा-दहा दिवसांत पूर्ण. शी घट्ट, उचलता येण्याजोगी राहिली की गाडी पुढं न्या; पातळ झाली की मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा.

सप्लिमेंट: कुठलं, कशासाठी, आणि कुठलं नकोच

सगळ्यात आधी कॅल्शियम, कारण सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांचं पिल्लू घरी आलं की "हाडं मजबूत व्हायला पाहिजेत" म्हणून सिरप सुरू होतं. पिल्लू पपी फूड खात असेल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. आणि लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंच रक्तात जातं. मग कूर्चा आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकतात, कोवळ्या वयात लंगडणं सुरू होतं. पाय वाकलेले दिसले की मालक सिरप आणखी वाढवतो, आणि पिल्लाचे हाल वाढतात. प्रौढ वजन ३२ किलोच्या आसपास किंवा पुढं जाणाऱ्या जातींसाठी एएएफसीओनं वाढीच्या खाण्यात कॅल्शियमची वरची मर्यादाच घालून दिली आहे, पाणी वजा करून १.८ टक्के. अशा पिल्लासाठी पोत्यावर 'लार्ज ब्रीड पपी' किंवा मोठ्या जातींच्या वाढीचा स्पष्ट उल्लेख असलेलं खाणं घ्या, पिल्लू सडपातळ ठेवा आणि कॅल्शियमची बाटली परत करा. ज्या पिल्लाला नुसतं भाकरी-भात-चिकन घातलं जातं त्याला कॅल्शियम खरोखर कमी पडतं. तिथं डॉक्टर वजनावरून मात्रा ठरवतील.

माशाचं तेल हे त्यातल्या त्यात उपयोगाचं सप्लिमेंट आहे. सांधेदुखी आणि त्वचेच्या खाजेत ओमेगा-३ चा फायदा दिसतो. घेताना बाटलीवरचा मोठा '१०००' बघू नका. तो तेलाचा आकडा. मागं ईपीए आणि डीएचए (ओमेगा-३ चे कामाचे दोन प्रकार) किती आहेत ते बघा, नेहमीच्या कॅप्सूलमध्ये १८० आणि १२०, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम. डॉक्टर मात्रा याच बेरजेत सांगतात. दोन महिने तरी नियमित द्यायचं, मग फरक पडला का ते ठरवायचं. शी पातळ झाली तर मात्रा कमी करा, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि ती शरीरात साठतात. जवसाच्या तेलातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं बनतं.

सांध्यांसाठी दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या सहसा अपाय करत नाहीत, पण पुरावा कमकुवत आहे. लंगडणाऱ्या जाड कुत्र्याचं वजन उतरवणं हे त्या गोळ्यांपेक्षा कितीतरी प्रभावी औषध आहे. प्रोबायोटिक जुलाबाच्या दिवसांत थोड्या काळापुरतं ठीक. संतुलित खाण्यावर रोजचं मल्टिव्हिटॅमिन नको.

हळदीबद्दल आपल्या जिल्ह्यात जिव्हाळा असणारच, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी उतरतं, आणि चमचा-चमचा घातल्यानं पोट बिघडतं. चिमूटभरानं काही बिघडत नाही. औषध म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नका.

रक्तवाढीचं आणि लिव्हरचं टॉनिक परस्पर सुरू करणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आपल्याकडं सुस्त, फिकट हिरड्यांचं, जेवण टाकलेलं कुत्रं बऱ्याचदा गोचीड-तापाचं निघतं. एर्लिकिया किंवा बबेसिया हा गोचिडीतून येणारा जंतू रक्तात शिरलेला असतो. त्याला लोहाचं सिरप नव्हे, रक्ततपासणी आणि नेमकं औषध लागतं, आणि टॉनिकवर घालवलेले आठ दिवस जिवावर बेततात. हिरड्या फिकट दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना.

माणसांच्या गमी आणि चघळायच्या गोळ्या देऊ नका. काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

द्राक्षं आणि बेदाणा: सांगली जिल्ह्यासाठी खास

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात हा मुद्दा पोत्याच्या निवडीहून मोठा आहे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, हे सांगता येत नाही. एखादं कुत्रं ओंजळभर पचवतं, दुसरं थोडक्यात जातं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं २०२१ पासून पशुवैद्य मानू लागले आहेत, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेपासूनही लांब ठेवा. बेदाण्यात पाणी निघून गेलेलं असल्यामुळं तोच धोका छोट्या दाण्यात एकवटलेला असतो. मळ्यातलं कुत्रं खुडणीच्या दिवसांत खाली पडलेले घड खातं, शेडवर रॅकखाली सांडलेला बेदाणा चाटतं, आणि घरात शिऱ्यातला, लाडवातला बेदाणा लाडानं दिला जातो. काढणीच्या दिवसांत कुत्रं शेडपासून बांधून ठेवा, सांडलेला माल झाडून घ्या आणि कामावरच्या माणसांनाही सांगून ठेवा.

खाल्लंय असं कळलं की लक्षणांची वाट बघू नका. उलटी, सुस्ती दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो, लघवी बंद व्हायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून पोट रिकामं करू शकतात आणि सलाईन लावून मूत्रपिंड वाचवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानं रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट येतं. किती वाजता आणि साधारण किती खाल्लं एवढं लक्षात ठेवून निघा.

दवाखान्यात जाताना, मग ते कुठल्याही कारणानं असो, पोत्याच्या मागच्या बाजूचा आणि घरात असलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बॅच नंबर दिसेल असा काढा. गुंतागुंतीच्या आजारात, किंवा घरचंच खाणं शास्त्रशुद्ध बसवून घ्यायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते क्रांतिसिंह आपल्या येडेमच्छिंद्रचेच. जाताना आधीचे रक्ताचे रिपोर्ट, वजनाच्या तारखेवार नोंदी आणि वाटीचं ग्रॅममधलं माप बरोबर न्या.